नवमीचं पान

"ही नेस उद्या," म्हणत मंदावन्संनी कपाटातून डाळिंबी साडी काढली आणि माझ्या हातांवर ठेवली. "संपदाची आवडती. ही नेसून पाटावर बसायचं, तिच्या नावानं जेवायचं. झालं."

साडीला डांबरगोळ्यांचा वास येत होता. घड्यांच्या जागी रंग थोडा उडाला होता. मला ती धड जवळही घेता येईना आणि खालीही ठेवता येईना.

"वन्सं, मी बसायचं?"

"मग कोण? आजवर शेजारच्या काकू यायच्या. त्या गेल्या मुलाकडे ठाण्याला. आणि मला विचारशील तर बरंच झालं. घरात दुसरी आली की पहिलीची समजूत काढावी लागते, बाई. श्रावणात अंगणात पडून मनगट मोडून घेतलंस, ते काय उगाच?"

"शेवाळ होतं, वन्सं."

"शेवाळ सगळ्यांच्याच अंगणात असतं."

दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी होती. पितृपक्षातली ही नवमी नवऱ्याच्या आधी, कपाळाचं कुंकू घेऊन गेलेल्या बायकांची. त्यांच्या नावानं एखादी सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची, की गेलेलीचा आत्मा तृप्त होतो. संपदाताई या घरातली पहिली सून. लांबलेल्या आजारात गेल्या, मूलबाळ नव्हतं. मी दुसरी. चाळिशी उलटल्यावर लग्न होऊन आगाशीहून इथे उमेळ्याला आले. हे स्थळ मंदावन्संनीच जमवलं. त्यांचं सासरही आगाशीचं. देवळात मी हार गुंफत बसलेली असायची, तिथे त्यांनी मला पाहिलं आणि भावासाठी मागणी घातली. त्यांना नाही म्हणणं माझ्याच्यानं कसं होणार होतं?

हे दारातच बसून चहा पीत होते. वन्संचं सगळं बोलणं यांच्या कानावर पडलं होतं. मी आशेनं यांच्याकडे पाहिलं. यांनी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि पायात चपला सरकवून निघून गेले. थोड्या वेळानं स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

"बघितलंस?" वन्सं म्हणाल्या. "लहानपणापासून असाच. आमची आई म्हणायची, याला जन्मताना जीभ दिली आणि वापरायची परवानगी द्यायला देव विसरला."

मी हसले. हसू आलं नव्हतं, तरी हसले.

माझा नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करतो. आमच्या केळीच्या वाडीच्या फाटकाशी पत्र्याची शेड आहे. आजूबाजूच्या इमारतींच्या मोटारी आणि उरल्यासुरल्या वाड्यांचे पंप तिथेच येतात. दिवसभर मोटारींच्या घरघरीत बसून माणसाला घरी आल्यावर शांतता हवी असेल, असं मी सुरुवातीला मनाला समजावत असे. भांडण नाही, व्यसन नाही, शब्दानं कधी दुखावलं नाही. पण शब्दच नाही, तर तो दुखावणार कसा आणि सुखावणार तरी कसा?

मी नेमधर्माची बाई. पहाटे तुळशीला पाणी, देवापुढे रोज एक अध्याय, चातुर्मासात एकवेळ जेवण. एखादा नेम चुकला की दिवसभर पदर नीट न घेतल्यासारखं वाटत राहतं. हे कधी देवापुढे हात जोडून उभे राहिलेले मी पाहिले नाहीत. मात्र फुलांची परडी रोज भरलेली असते, देवघराच्या उंबऱ्यावर.

संपदाताईंबद्दल माझ्या मनात असूया नव्हती. सकाळच्या दिव्यात मी त्यांच्याही नावानं वात लावते. माझं दुखणं वेगळंच होतं. आगाशीच्या बालवाडीत मी बरीच वर्षं बदली बाई होते. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेली की तिच्या जागी मी. ती परत आली की मी घरी. मुलं माझ्या मांडीवर बसायची आणि विचारायची, "आमच्या बाई कधी येणार?" पुढे भावाकडे राहिले, तिथे वहिनी माहेरी गेली की स्वयंपाकघर माझं, ती आली की तिचं. लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, आता एक तरी जागा आपल्या नावाची झाली. आणि आता त्या डाळिंबी साडीत, त्या पाटावर बसायचं, म्हणजे इथेही मी कुणाची तरी बदलीच. वर्षानुवर्षं, दर नवमीला.

पण असं म्हणायचं कुणाला? आणि श्राद्धाच्या कामात स्वतःचं दुखणं मधे आणायचं, हे तरी देवाला कसं आवडणार?

*

दुपार उतरताना हे परत आले. वाडीत गेले आणि राजेळी केळीचं एक केळफूल तोडून आणलं. पडवीत बसून वरची तांबडी पानं काढून टाकली, बोटांना खोबरेल लावलं आणि आतलं एकेक फूल सोडवायला लागले. ज्यांनी केळफूल निवडलं असेल त्यांना ठाऊक आहे, किती चिकाटीचं काम ते. प्रत्येक फुलातला न शिजणारा ताठ दांडा आणि पापुद्रा वेगळा काढायचा. एकही राहिला तर भाजीत कचकचतो.

"वन्संनी तर भाज्या ठरवल्यात," मी म्हटलं. "भोपळा, गवार, अळू. केळफूल कशाला?"

"असू दे."

"द्या, मी निवडते."

"नको."

मी उभीच राहिले. यांची बोटं सराईतपणे चालत होती. मोटारीच्या तारा गुंडाळणारी ती जाड, काळवंडलेली बोटं त्या नाजूक फुलांतून अशी फिरत होती, की यांनी हे पहिल्यांदा केलं नव्हतं एवढं नक्की. इतक्या दिवसांत माझ्या स्वयंपाकघरात यांनी कधी कांदा चिरलेला नव्हता.

आतून वन्संनी डोकावलं. "अरे विद्याधर, घरात दोन बायका असताना तू काय भाजी निवडत बसलास? लोक म्हणतील, बायकोला हात नाहीत."

"हात मोडलाय तिचा," हे म्हणाले.

"श्रावणात मोडलेला! प्लास्टरही निघालं कधीच."

यांनी मान वर केली नाही. फुलं ताकाच्या पाण्यात बुडवली, वर झाकण ठेवलं आणि उठून हात धुतले. बस्स. एवढंच बोलणं. मी अंथरुणावर पडल्यावरही वाट पाहिली, की आता तरी म्हणतील, बस नाहीतर नको बसू. यांनी दिवा मालवला.

*

नवमीच्या सकाळी वन्सं आणि मी ओलेत्यानं स्वयंपाकाला लागलो. मागच्या दारी अंघोळीच्या पाण्याची चूल आहे. ती यांनी पेटवलेली दिसली. पाणी तापवत असतील असं मला वाटलं. घरात खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. मागच्या बाजूनं मधेच फोडणीचा वास आला, पण शेजारच्या इमारतीतूनही वास येतच असतात.

स्वयंपाक आटोपत आला तसं वन्सं म्हणाल्या, "जा, नेस आता."

मी नेसले. देवाचं नाव घेत नेसले. वन्संनी स्वतः निऱ्या सारख्या केल्या, पदर खांद्यावर नीट बसवला, माझ्या वेणीत अबोली माळली आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

"अगदी संपदाच उभी आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी मायेनंच म्हटलं. पण आरशात पाहायचा धीर झाला नाही.

बाहेर स्कूटर थांबली. हे दारात आले, आणि यांच्या मागे एक धिप्पाड, सावळी बाई. फुलाफुलांची साडी, गळ्यात सोन्याचे मणी आणि त्यांत छोटा क्रूस, अंबाड्यावर मोठा गजरा. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती माझ्याकडे बघून दचकली आणि छातीवर हात ठेवून उभी राहिली.

यांनी मला पाहिलं. आधी साडीकडे, मग तोंडाकडे. यांचा चेहरा एवढा पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"बदल ते," हे म्हणाले.

"अहो, वन्संनीच..."

"बदल. तुझी साडी नेस."

मी आत पळाले. दार लोटलं आणि तशीच भिंतीला टेकून उभी राहिले. मला एकच अर्थ लागला. संपदाताईंची साडी माझ्या अंगावर यांना बघवली नाही. त्यांच्या पाटावर बसायची माझी लायकी नाही. ज्या पाटाची मला धास्ती होती, त्याच्यावरूनही मला उठवलं होतं.

बाहेर वन्संचा आवाज चढला होता. "कोण ही? रोझलीन? म्हावरंवाली रोझलीन? आज? तुला कळतंय का रे, दिवस कोणता?"

मग दारावर टकटक झाली.

"आत येऊ काय गो?" ती बाई दार ढकलून आत आलीच. "घाबरू नको. साबनानं हात धुवून धुवून सोललेत मी. वास नाय येनार."

मी डोळे पुसले.

"रडते कशाला? वरडला काय तुज्यावर?"

"ओरडले असते तर बरं झालं असतं."

"तो वरडनार? त्याच्या मोटारी वरडतात, तो नाय." ती पलंगाच्या कडेवर बसली. पलंग करकरला. "मी रोझलीन, पाचूबंदरची. आधी टोपली घेऊन या साईडला फिरायची. संपदाची न् माजी लय गट्टी होती. आजारात तिला म्हावऱ्याचा वास सोसायचा नाय, तर मी टोपली रस्त्यावर ठेवून यायची. एकदा कुत्र्यानं अख्खी सुरमय नेली. संपदा इतकी हसली, की औषधच ओकली." ती हसली आणि हसता हसता थांबली. "तुला बघून मगाशी मी घाबरली गो. वाटलं, तीच."

"तुम्हाला आज यांनी का आणलं?"

"तुला ठाव नाय?" तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "संपदानं जाताना सांगितलेलं त्याला. माज्या नावानं कोनाला जेवायला घालशील तर रोझीला घाल, नायतर मी उपाशी राहीन. पन तुमच्या घरची रीत, मंदाबायचा धाक. हा काय बोलनार? तर दरसाल नवमीला डबा घेऊन पाचूबंदरला येतो. इथं तुमची सवाष्ण जेवते, तिथं मी जेवते. केळफुलाची भाजी न् तांदळाची भाकरी. स्वता करतो. संपदाला शेवटी तेवढंच जायचं. तवाच शिकला."

गेल्या वर्षी नवमीला मी आजारी आईपाशी आगाशीला होते. आधीच्या वर्षांत मी इथे नव्हतेच.

"मग यंदा घरी कशा?"

"तेच मी इचारलं!" रोझलीननं मांडीवर हात मारला. "काल दुपारी बंदरावर आला. लिलाव चाललेला, म्हावऱ्याच्या राशी, त्यात हा उभा. माजा नवरा सायमन बोलला, विद्याभाव, पितृपक्षात म्हावरं? तर मला बोलला, उद्या घरी जेवायला ये. मी बोलली, तुजी बहीन मला उंबऱ्यावर उभी करील काय? डबाच आन, दरसालसारका. तवा बोलायला लागला गो. इतका बोलला, की सायमन लिलाव सोडून बघत राहिला."

"काय बोलले?"

ती जरा थांबली. शब्द आठवून, जपून बाहेर काढल्यासारखी म्हणाली, "बोलला, मेघनाला संपदाच्या पाटावर बसवतायत. ती नाय म्हननार नाय, तिला नाय म्हनता येत नाय. तिचं आयुष्य बदलीवर गेलं. शाळेत बदली, भावाकडं बदली. माज्या घरात तिला मी कोनाच्या बदलीवर बसवनार नाय. तू आलीस तर पाट भरंल, मग कोन तिला बसवनार?"

मी खाली बसले. साडी सावरायचं भान राहिलं नाही.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यांत, एका संध्याकाळी, हे शेडमध्ये पंप खोलून बसले होते आणि मी चहा घेऊन गेले होते. मी आपली बोलत होते, बालवाडीचं, मुलांचं, "आमच्या बाई कधी येणार" याचं. हसतच सांगितलं होतं. यांनी "पाना दे" म्हटलं होतं. मी पाना दिला होता. मला वाटलं होतं, यातलं एक अक्षर यांच्यापर्यंत पोचलं नाही.

"रोझलीनताई," मी विचारलं, "हे संपदाताईंशी बोलायचे का?"

ती हसली. "तिच्यापुढं कोनाला बोलायला मिळायचं? तीच बोलायची, हा ऐकायचा. मग शेवटी तिचा आवाज गेला. तवा हा बोलायला लागला. काय बोलनार? बोलायची सवय नाय. तर पेपर घेऊन बसायचा न् मोठ्यानं वाचायचा. पयल्या पानापासून. कोन मंत्री, कोनाचं निधन, नोकरीच्या जाहिराती, हरवले आहेत, सगळं. ती डोळे मिटून ऐकायची. मी एकदा बोलली, अरे, जाहिराती कशाला? तर बोलला, थांबलो की ती डोळे उघडते."

मग रोझलीन उठली आणि दार ओढून बाहेर गेली.

मी डाळिंबी साडी उतरवली, हलक्या हातानं घडी केली आणि माझी हिरवी सुती साडी नेसले, रोज पूजेला नेसते ती.

*

बाहेर वन्सं ओसरीत हात जोडून उभ्या होत्या, पण नमस्कारासाठी नव्हे. "मी पाया पडते तुझ्या, विद्याधर. तिच्या हातचं पाणी मला चालतं, मी तसली जुनी नाही. पण श्राद्धाच्या पानावर किरिस्तावीण? तिला कुंकू लावायचं कसं? ओटी भरायची कशी? पितर काय म्हणतील?"

"मी पडवीत बसते गो मंदाबाय," रोझलीन म्हणाली. "मला काय, पडवीत वारा पन येतो."

"नाय," हे म्हणाले.

"मग सवाष्ण कोण? सांग ना! मेघनाला तू उठवलंस." वन्सं माझ्याकडे वळल्या. "तूच सांग गो याला. एवढी व्रतं करतेस, एवढं वाचतेस. तुझं तरी ऐकेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हेसुद्धा. यांच्या नजरेत आग्रह नव्हता. मी नाही म्हटलं असतं, तर यांनी रोझलीनला मुकाट्यानं पाचूबंदरला सोडलं असतं आणि मलाही काही म्हटलं नसतं, हे मला दिसत होतं. यांनी मला पाटावरून सोडवलं होतं. पुढचं माझ्यावर ठेवलं होतं.

मी देवघराकडे पाहिलं. उत्तर मिळालं असं म्हणणार नाही.

"वन्सं," मी म्हटलं, "तुम्ही सवाष्ण आहात. संपदाताईंच्या नणंद. तुम्ही त्यांना मुलीसारखं वागवलंत. विधीचं पान तुमचं. कुंकू तुम्हाला, ओटी तुमची."

"मी? अगं, मी वाढणारी!"

"वाढायला मी आहे ना. या घरची सून आहे."

वन्संनी जोडलेले हात सोडले.

"आणि तुमच्या शेजारी रोझलीनताईंचं पान. त्यांना आपला नैवेद्य दाखवलेलं अन्न चालत नसेल..." मी अडले.

"तिचं वेगळं केलंय," हे म्हणाले. "मागच्या चुलीवर. नैवेद्य नाय दाखवलेला."

"नैवेद्याचं खाल्लं तर फादर रागावतात," रोझलीन वन्संना समजावल्यासारखी म्हणाली. "तो दरसाल हे पाळतो. मी कदी सांगितलं नाय, त्यानंच आपलं पाळलं. मी पन तिच्या नावानं दरसाल मिस्सा सांगते. चर्चमदे नाव पुकारतात, संपदा. म्हाताऱ्या बायका बघतात, ही संपदा कोन आपल्यातली?"

वन्सं पाटावर बसल्या. मी दोन केळीची पानं मांडली, दोन्हींभोवती सारखी रांगोळी काढली. वन्संना कुंकू लावलं, ओटी भरली. मग कुंकवाची कोयरी हातात घेऊन मी रोझलीनपुढे घुटमळले.

"कुंकू नको. गजरा दे," ती म्हणाली. "नारळ पन घेते. नारळाला धर्म नसतो."

वन्संना हसू फुटलं. त्यांनी ते पदरानं झाकलं, पण ते मला दिसलं.

मी आतून डाळिंबी साडी आणली आणि रोझलीनच्या ओंजळीत ठेवली. रीतीप्रमाणे नवी साडी द्यायची असते. मी जुनी दिली. रोझलीननं ती नाकाशी नेली. डांबरगोळ्यांशिवाय तिला काय वास आला असेल, देव जाणे. "वसईच्या बाजारात घेतलेली आमी," ती म्हणाली. "दुकानदार भाव सोडीना. मी बोलली, चल संपदा, दुसरीकडं. तर ही तिथंच बसून राहिली, हलंच ना."

हे मागच्या दारातून पितळी पातेलं घेऊन आले आणि रोझलीनच्या पानावर स्वतः वाढलं. उकिडवे बसून, भाकरीचे चार तुकडे करून, भाजी मधे. आजाऱ्याला वाढतात तसं. मग उठून बाजूला उभे राहिले.

वन्सं आपल्या पानावरचं खात होत्या, पण त्यांची नजर शेजारी होती. शेवटी त्यांनी विचारलं, "विद्याधर, ही तू केलीस?"

यांनी मान हलवली.

"संपदाला द्यायचास ती?"

यांनी पुन्हा मान हलवली.

"मी तेव्हा यायची, डबा घेऊन," वन्सं हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, या घरात चूलच पेटत नसेल." त्यांनी हात पुढे केला. "घाल थोडी."

यांनी वाढली. वन्संनी खाल्ली. कशी झाली ते म्हणाल्या नाहीत. पानावर मागून घेतलेलं सगळं संपवलं.

*

दुपारी रोझलीन बसनं गेली. यांनी स्कूटरवर सोडतो म्हटलं, तर म्हणाली, "बाबा, सकाळी येताना तुजी स्कूटर रडत होती. माज्यावर नको, तिच्यावर दया कर." साडी तिनं पिशवीत घातली नाही, हातावर घेऊन गेली. वन्सं रिक्षा बोलावून निघाल्या. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि यांना म्हणाल्या, "पुढच्या नवमीला दोन केळफुलं काढ. एकात काय होतंय?"

घर शांत झालं. आम्हा दोघांचं जेवायचं राहिलं होतं. मी समोरासमोर दोन पाट मांडले, दोन ताटं वाढली. खीर गरम केली. मग यांना शोधायला मागच्या दारी गेले.

हे विहिरीपाशी बसले होते, माझ्याकडे पाठ करून. पुढ्यात ते पितळी पातेलं. राख आणि काथ्यानं घासत होते. पातेलं केव्हाच लखलखीत झालं होतं, त्यात वरच्या केळीच्या पानाचं प्रतिबिंबही दिसत होतं. तरी हात चालूच होता, सावकाश, गोल गोल. वाहिलेलं पाणी केळीच्या बुडांशी जाऊन मुरत होतं. एकदा यांनी हात थांबवला, कोपरानं डोळे पुसले आणि पुन्हा काथ्या उचलला.

हाक ओठांवर आली होती. मी मारली नाही. आवाज न करता घरात वळले, यांच्या ताटावर दुसरं ताट झाकलं, आणि समोरच्या पाटावर, माझ्या पानाशी, न जेवता बसून राहिले.